निशाणाला ठिगळ नसतं

मावशीच्या चादरीला ठिगळ होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जो तमाशा झाला तो त्या ठिगळाकडे कुणी धड बघितलं नाही म्हणून झाला, आणि ज्यांनी बघितलं त्यांनी त्याचा भलताच अर्थ काढला. तळहाताएवढं ठिगळ, निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं, लेकीच्या शाळेच्या जुन्या फ्रॉकातून कापलेलं आणि चादरीच्या पायाकडच्या कोपऱ्यात बारीक टाक्यांनी बसवलेलं. मध्ये किंवा डोक्याकडे लावून चालत नाही, कारण शिवण पाठीला टोचते.

मावशी दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला. तिथे मोठ्या डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्यापर्यंत सगळे तिला मावशी म्हणत. मग गल्लीही म्हणायला लागली, आणि शेवटी तिचा नवरासुद्धा फोनवर "मावशी आंघोळीला गेलीये" असं सांगायला लागला. उभं आयुष्य तिने दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या होत्या. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात सोडायचा, गरम पाणी लागलं की तो जन्माचा चिकटतो. चादर झटकूनच वाळत घालायची. आणि आजारी माणसाच्या अंगाखालची सुरकुती म्हणजे उद्याची जखम, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ होतं.

मग पुलाने शहराचे दोन तुकडे केले. पूल बिचारा जोडायलाच बांधला होता. पण आता पलीकडे फौज, अलीकडे बंदुका घेतलेली गल्लीबोळातली पोरं, आणि मधून गोळ्यांची ये-जा. भांडण कशावरून लागलं असं विचारलं तर दोन्हीकडचे लोक तासभर सांगत आणि तासभर ऐकूनही डोक्यात काही शिरत नसे. धुलाईघराच्या बॉयलरवर तोफेचा गोळा पडला आणि मावशी घरी बसली. नवरा शहर बसवर ड्रायव्हर, त्याची बस पोरांनी गल्लीच्या तोंडाशी आडवी पाडून ठेवली होती, फौजेला अडवायला. तो रोज सकाळी जाऊन तिच्याकडे बघून यायचा, आजारी नातेवाइकाला भेटून यावं तसा. लेकीचं कॉलेज बंद, ती फोनला चिकटलेली. आणि आतल्या खोलीत, खिडकीशेजारच्या पलंगावर, सासूबाई.

सासूबाईंविषयी खरं ते सांगायला हवं. धडधाकट होत्या तेव्हा त्यांनी सुनेला सुखाने घास खाऊ दिला नाही. मावशी लग्न होऊन आली त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की आतून आवाज यायचा, "वाळली का?" चादर असो, चड्डी असो की टॉवेल, प्रश्न तोच. त्याचा खरा अर्थ असा की, 'अजून कपडे आत आणले नाहीस, तुला माहेरी कुणी काही शिकवलंच नाही, आणि माझ्या पोराचं नशीबच फुटकं.' एवढं सगळं त्या दोन शब्दांत बसवत. दिवसभर ढीगच्या ढीग चादरी उपसून आलेली मावशी दात आवळून म्हणायची, "वाळली, आई."

एका दुपारी सासूबाईंची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दोन शब्द तेवढे मागे राहिले. कोणते ते वेगळं सांगायला नको. भूक लागली की "वाळली का", तहान लागली की "वाळली का", कूस बदलायची असली तरी "वाळली का". फक्त सूर बदलायचा, आणि तो सूर घरात एकट्या मावशीला कळायचा. पोटचा मुलगा पाण्याच्या वेळी उशी आणून द्यायचा. "देवाला थट्टा करायला दुसरं घर सापडलं नाही," असं मावशी म्हणायची आणि पाणी घेऊन यायची.

पलंगाला खिळलेल्या माणसाची पाठ सोलते. सासूबाईंच्याही माकडहाडावर लाल चट्टा उठला होता. तो फुटला की मग खेळ खलास, हे मावशीने दवाखान्यात पुष्कळदा पाहिलेलं. डॉक्टर आता एका शाळेच्या तळघरात बसायचे आणि तिथे गोळी लागलेल्यांचाच नंबर लागत नव्हता, तिथे म्हातारीच्या पाठीला कोण विचारतो! म्हणजे उपाय एकच: पाठ कोरडी ठेवायची. घरातल्या रंगीत चादरी जाड नि खरखरीत. मऊ अशा दोनच होत्या, दवाखान्याने बाद केलेल्या, धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या, पांढऱ्या. एकाच फ्रॉकची ठिगळं दोन्हींना. एक म्हातारीखाली, दुसरी दोरीवर. थंडीचे दिवस, घरात ओल, मागची खिडकी भिंतीला चिकटलेली. गच्चीवर जायची सोय नव्हती, तिथे कबुतरंसुद्धा वाकून चालत. ऊन यायचं ते फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या या गॅलरीत, आणि गॅलरीचं तोंड नेमकं पुलाकडे.

तर एक दिवस लेक आतून ओरडली, "आई, आपली गॅलरी टीव्हीवर!"

पलीकडचं चॅनेल होतं. लांबून कॅमेरा रोखून काढलेलं चित्र, आणि खाली लाल पट्टी: 'वस्तीची शरणागती, घरावर पांढरं निशाण.' मावशीने चष्मा चढवला आणि नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून बघितलं.

"माझं ठिगळ कुठे गेलं?"

"अगं, ठिगळ काय घेऊन बसलीस!" नवऱ्याचा चेहरा चादरीपेक्षा पांढरा झाला होता. "शरण गेलो म्हणतायत आपण! खाली पोरांनी हे बघितलं तर?"

"गॅलरी माझी, चादर माझी, मग ठिगळ कुणी कापलं? निशाणाला कधी ठिगळ असतं का? ते दाखवलं असतं तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं ही चादर आहे म्हणून."

"कापलं नाही गं, खालून क्रॉप केलंय," लेक म्हणाली.

"तेच ते. तुमच्यात क्रॉप, आमच्यात कापलं."

लेकीने अलीकडचं चॅनेल लावलं. तिथे ठिगळ होतं, चांगलं मोठं करून दाखवलेलं, भोवती लाल गोल काढलेला. कोणी एक निवृत्त तज्ज्ञ काठी घेऊन उभे होते आणि निळ्या चौकड्या मोजून सांगत होते की हा शत्रूला दिलेला इशारा असू शकतो, प्रत्येक चौकडी म्हणजे एक रस्ता. लेकीला हसू आवरेना. ड्रायव्हर उठून दाराला कडी लावून आला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "वाळली का?" यावेळी कूस बदलायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दार वाजलं. बारक्या आला होता, बरोबर दोघं. बारक्या म्हणजे तळमजल्यावरच्या शिंप्याचा मुलगा. आता दाराच्या चौकटीत मावत नव्हता, खांद्याला बंदूक होती, गल्लीतल्या पोरांचा तो म्होरक्या होता, पण नाव बारक्याच.

"मावशी, चादर काढा."

"का रे?"

"लोक काय म्हणतात ऐकलं नाही? वरून हुकूम आहे. पांढरं काही बाहेर दिसता कामा नये."

"बरं. मग काय रंगाची लावू? निळी?"

"निळी कशी? निळा त्यांचा."

"लाल?"

बारक्या अडखळला. "लाल आमचा. पण त्यावर तुम्ही... म्हणजे म्हातारी... ते बरं नाही दिसत."

"पिवळी? पिवळी म्हणजे साथीचा रोग, गल्लीत पाण्याचा टँकर येणार नाही. काळी? काळी लावली की सगळे विचारतील कोण गेलं. तूच सांग बाबा, देवाने कोणता रंग चादरीसाठी शिल्लक ठेवलाय?"

मागचे दोघे जिन्याकडे बघायला लागले. बारक्याने आवाज चढवला. "मावशी, चेष्टा नाही! एक चादर आत वाळवायला काय जातं तुमचं?"

मावशीने त्याचा दंड धरला आणि बंदुकीसकट त्याला आतल्या खोलीत नेलं. सासूबाईंना अलगद कुशीवर वळवलं आणि चट्टा दाखवला. "हे जातं. आत चादर वाळत नाही, दमट राहते. दमट चादरीवर हे दोन दिवसांत फुटेल, मग आत किडे. बघ नीट. बघवत नाही? आणि तू हुकूम घेऊन आलायस. अरे, तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा तू महिनाभर माझ्याकडे झोपायचास. तुझ्याखालची चादर रोज सकाळी याच गॅलरीत वाळत पडायची, आणि तेव्हा कुणी म्हणालं नाही की वस्ती शरण गेली."

मागच्या दोघांपैकी एकाला खोकला आला. तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं. बारक्याचे कान तांबडेलाल. सासूबाई त्याच्याकडे एक डोळा रोखून म्हणाल्या, "वाळली का?"

"काय म्हणतायत?" बारक्याने विचारलं.

"चालता हो म्हणतायत," मावशी म्हणाली.

तो गेला. पण त्याच दुपारी पुलापलीकडच्या भोंग्यावरून घोषणा झाली: 'शहाणपणा दाखवणाऱ्या कुटुंबाचं अभिनंदन, इतरांनीही त्यांचा आदर्श घ्यावा.' झालं! वीस वर्षांचा शेजार एका भोंग्याने नासवला. किराणावाल्याने मावशीला बघून फळीवरचे डबे पुसायला घेतले. जिन्यात समोरची वहिनी भेटली ती भिंतीकडे तोंड करून उतरली. आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, मुद्दाम ऐकू जाईल असं, "फितुरांना ऊन बरं मिळतं."

ड्रायव्हर भला माणूस, पण पाण्यापेक्षा पातळ. मावशी पाण्याच्या रांगेत उभी असताना त्याने चादर ओढून आत घेतली आणि स्वयंपाकघरात बांधून टाकली. ती परत आली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसला होता. खरं म्हणजे तीही घाबरली होती. लेक तरणी होती, गल्ली तोंड फिरवून बसली होती, आणि तोंड फिरवलेल्या गल्लीत काय काय होतं ते तिने ऐकलं होतं. तिनेही मनाशी म्हटलं, राहू दे दोन दिवस आतच.

दोन दिवस चादरी आत राहिल्या. स्वयंपाकघराला कुबट वास धरला. हाताला चादर गार लागायची, वाळली की दमट आहे हे कळेनासं व्हायचं. तिसऱ्या सकाळी मावशीने सासूबाईंना वळवलं आणि चट्ट्याच्या मधोमध कातडी सुटलेली दिसली, नखाएवढी. म्हातारी डोळे मिटून पडली होती. दुखत असणार. पण तिच्याकडे दोनच शब्द होते आणि तेही त्या सकाळी तिने वापरले नाहीत.

मावशीचा संताप कुठून सुरू झाला आणि कुठे गेला ते सांगता येणार नाही. चॅनेलवर होता, पोरांवर होता, नवऱ्यावर होता, सगळ्यात जास्त स्वतःवर होता. जिच्या टोमण्यांनी मावशी उशीत तोंड खुपसून रडायची ती ही बाई. हिच्यासाठी रडू येईल असं कुणी सांगितलं असतं तर मावशीने त्याला वेड्यात काढलं असतं. तिने डोळे पुसले, स्वयंपाकघरातली चादर उतरवली, परत धुतली, आणि गॅलरीत जाऊन असा झटका दिला की बंदुकीचा बार निघाल्यासारखा आवाज झाला आणि समोरच्या खिडक्या फटाफट लागल्या.

"अगं, काय करतेस!" नवरा दारातूनच कुजबुजला.

"वाळत घालतेय. आणि ऐका, पुन्हा या दोरीला हात लावलात तर त्या बसमध्ये जाऊन झोपायचं. आडवीच आहे, सोपं जाईल."

त्या दिवसापासून चादर रोज बाहेर. गल्ली धुमसत राहिली. आणि मग अलीकडच्या चॅनेलचा वार्ताहर आला. चांगला गोड बोलणारा तरुण, बूट दाराबाहेर काढून आला, त्यामुळे ड्रायव्हरला लगेच आवडला. "काकू, तुमच्यावर अन्याय झालाय. तुमचं म्हणणं जगापुढे मांडू."

मावशीला बरं वाटलं. शेवटी कुणीतरी विचारलं होतं. त्याने तिला गॅलरीत उभं केलं, मागे चादर, तिच्यामागे पूल. तो म्हणाला, "ही चादर म्हणजे आमच्या लढ्याचं कफन आहे, असं काहीतरी म्हणा ना."

"कफन कसलं, जिवंत आहे ती अजून!"

"बरं, तुमच्या शब्दांत सांगा."

मावशीने सांगितलं. अगदी सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता. "माझी सासू अंथरुणाला खिळलेली आहे. तिचं हागणंमुतणं मी रोज धुते. एकदा करू दे नाहीतर दहादा करू दे. दहा वेळा धुऊन काढीन. म्हणून चादर बाहेर असते. ठिगळ दाखवा तेवढं." वार्ताहराने मान डोलावली, चहा घेतला आणि सासूबाईंना नमस्कार करून गेला.

संध्याकाळी घरातले सगळे टीव्हीपुढे बसले. आधी ढोल वाजले. मग पूल दिसला. मग मावशी दिसली, डोळ्यांत अंगार (ऊन डोळ्यांवर येत होतं), पदर खोचलेला, आणि तिच्या तोंडून एकच वाक्य: "दहा वेळा धुऊन काढीन!" पुन्हा ढोल. खाली पट्टी: 'रणरागिणीचा फौजेला इशारा.'

पूर्वी 'ध'चा 'मा' करायला निदान हाताने एक अक्षर खोडावं लागायचं. आता 'ध' जागच्या जागी ठेवूनही 'मा' करता येतो, एवढी प्रगती झाली आहे.

"खोटं काय आहे त्यात?" ड्रायव्हर जरा अभिमानाने म्हणाला. "तूच म्हणालीस."

"म्हणाले मी! पण मुताबद्दल!"

कोण ऐकतो! गल्लीने एका रात्रीत कूस बदलली. किराणावाल्याने साबणाची वडी फुकट दिली. भिंतीकडे तोंड करणारी वहिनी जिन्यात गळ्यात पडली. खाली पोरांनी भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलं: 'दहा वेळा धुऊन काढू'. बारक्याने तिला बघून सलाम ठोकला.

मावशी त्या भिंतीपुढे थांबली. "बारक्या, ओला फडका घे आणि पुस ते."

"का मावशी? सगळे तुमचं नाव घेतायत!"

"परवा मला फितूर म्हणत होतात तेव्हाही चादर तीच होती आणि मीही तीच. तेव्हाही खोटं बोलत होतात, आताही खोटंच बोलताय. कालचं खोटं कडू होतं आणि आजचं गोड, म्हणून काय मी गिळू?"

बारक्याने पुसलं नाही. मावशीने वर जाऊन बादली आणली आणि स्वतः पुसलं. रंग पक्का होता, 'दहा वेळा' तेवढं राहिलं.

चार दिवसांनी भरदुपारी गॅलरीत फट्‌ असा आवाज झाला. मावशी चादरीचा कोपरा ओढून सारखा करत होती. तिच्या हातापासून वीतभर अंतरावर चादरीला भोक पडलं आणि खाली ठेवलेल्या भरल्या बादलीतून पाण्याची धार लागली. दिवसभराचं पाणी होतं ते, रांगेत उभं राहून आणलेलं. मावशी मटकन खाली बसली. मग फरशीवरून वाहत जाणारं पाणी दिसलं, आणि ती उठून उभी राहिली आणि कठड्याला धरून पुलाकडे तोंड करून ओरडली, "अरे मुडद्यांनो, बादली फोडलीत माझी! कोण भरून देणार आता?"

आवाज पुलापर्यंत गेला की नाही कोण जाणे, गल्लीत मात्र दोन्ही टोकांना ऐकू गेला. ड्रायव्हर चार पायांवर रांगत आला आणि त्याने तिचा पाय धरून तिला आत ओढलं. आत आल्यावर तो रडायला लागला. "मेली असतीस तू," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मावशीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मेले नाही. सुई-दोरा आणा."

संध्याकाळी पलीकडचं चॅनेल म्हणालं, शरण आलेल्यांवर त्यांच्याच माणसांनी गोळी झाडली. अलीकडचं म्हणालं, रणरागिणीवर भ्याड हल्ला. दोघांनीही बादलीचं नाव काढलं नाही. मावशीने टीव्ही बंद केला आणि त्याच फ्रॉकच्या बाहीचा तुकडा कापून भोकावर ठिगळ बसवलं. हे भोकही नशिबाने पायाकडेच होतं. दुसऱ्या दिवशी बारक्या एक बादली घेऊन आला, खांद्याला बंदूक नव्हती. "आईची आहे," एवढंच म्हणाला. जाताना आतल्या खोलीच्या दाराशी थांबला. "पाठ कशी आहे त्यांची?"

"ये, बघ."

त्याने बघितलं. नखाएवढी जखम मिटत आली होती, कडेने नवी गुलाबी कातडी धरत होती. बारक्या गेला, आणि संध्याकाळी भिंतीवरचं 'दहा वेळा' कुणीतरी चुन्याने लिंपून टाकलं.

पुढचा महिना मावशीच्या आयुष्यातला सगळ्यात हट्टी महिना. बाहेर काय चाललंय ते तिने विचारणं सोडलं. शरणागती, इशारा, लढा, फितुरी, जे काय लावायचं ते लावा, मी चादर लावणार. रोज धुवायची, झटकायची, वाळवायची, सुरकुती न ठेवता अंथरायची. थंडी सरताना सासूबाईंची पाठ कोरडी ठणठणीत झाली. मावशी लेकीला हाक मारून दाखवायची, "बघ, बघ, तान्ह्या बाळासारखी," आणि सासूबाई नाक मुरडायच्या. अर्ध्या चेहऱ्यानेही त्यांना ते छान जमायचं.

एका संध्याकाळी मावशी गॅलरीतून आत येत होती आणि सासूबाईंनी विचारलं, "वाळली का?" मावशी दारातच थांबली. भूक नव्हती, तहान नव्हती, कूसही नव्हती. सगळे सूर तिला पाठ होते, हा नवा होता. टोमणा नव्हता त्यात. घरातल्या एका बाईने दुसरीला विचारावं तसा साधा प्रश्न होता.

"नाही अजून," मावशी म्हणाली. "जरा दमट आहे. उद्या होईल."

सकाळी मावशी चादर बदलायला गेली तेव्हा सासूबाई गेलेल्या होत्या. झोपेतच, शांतपणे, दोन ठिगळांच्या चादरीवर. मावशीने सवयीने त्यांना कुशीवर वळवलं. पाठ कोरडी होती. तिने हात तिथेच ठेवला आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून ड्रायव्हर धावत आला.

म्हातारीला नेलं तेव्हा आडव्या बसच्या बाजूने पोरांनी वाट करून दिली. बारक्याने खांदा दिला. दोन दिवस घरात चूल पेटली नाही आणि गॅलरीत काही वाळत पडलं नाही.

तिसऱ्या दिवशी लेकीने फोन पुढे केला. पलीकडचं चॅनेल सांगत होतं: पांढरं निशाण उतरवलं, वस्तीने पुन्हा हत्यारं उचलली. अलीकडचं सांगत होतं: पांढरं निशाण उतरवलं, वस्ती पुन्हा लढ्यात. पहिल्यांदाच दोन्ही चॅनेलांचं एकमत झालं होतं. एक म्हातारी गेली आणि जाताना तिच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता, ही बातमी कुणाकडेच नव्हती.

मावशी उठली. पलंगावरची चादर काढली, गार पाण्यात भिजवली, साबण लावला.

"आता कुणासाठी?" ड्रायव्हरने हळूच विचारलं.

"मळलीये म्हणून."

गॅलरीत येऊन तिने चादर झटकली. नेहमी पायाकडची बाजू खाली सोडायची, आज ती वर घेतली. कोपरा आत ओढून दोन्ही ठिगळं दोरीलगत, ऐन मध्यावर आणली, चिमट्यांनी गच्च. "आता कापा म्हणावं," ती पुलाकडे बघत म्हणाली. "ठिगळ कापायचं तर चादरच कापावी लागेल."

दिवसभर ऊन होतं. मधूनमधून पलीकडे ठो-ठो चालू होतं आणि खाली पोरं धावत होती. बारक्याने रस्त्यातून वर बघितलं आणि पुढे गेला. ऊन कठड्यावरून उतरलं तशी मावशी गॅलरीत आली आणि सवयीने कान देऊन उभी राहिली. आतून काही आवाज आला नाही. इतक्या वर्षांत या वेळेला पहिल्यांदाच घर गप्प होतं.

तिने कोपरा चाचपला, मग दुसरा. मग रिकाम्या खोलीकडे तोंड करून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "वाळली, आई!"